जामचे पाणी आणि अंभोऱ्याच्या नावा

नदी हा व्यापाराचा पहिला रस्ता होय. आगगाडी व मालमोटार येण्यापूर्वी जगातील कितीतरी धान्यपेठा पाण्याच्या काठी वाढल्या. पुढे रस्ते बदलले, माल निघून गेला. पाणी मात्र तेथेच राहिले. त्या उरलेल्या पाण्याचे गावाने काय करावे, याविषयी आपल्या व्यापारी बांधवांपुढे चार शब्द मांडीत आहोत.

इंग्लंडातील ग्लॉस्टर शहराचे उदाहरण धान्याच्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. सेव्हर्न नदीचा धोक्याचा भाग टाळण्यासाठी तेथे सुमारे २६ किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला व तो १८२७ साली खुला झाला. परदेशी धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ साली रद्द झाल्यावर गव्हाची आवक वाढली आणि गोदीच्या काठी विटांची उंच गोदामे उभी राहिली. विसाव्या शतकात तो व्यापार ओसरला व गोदी ओस पडू लागली. तथापि गावाने ती बुजविली नाही. १८७३ साली धान्यासाठी बांधलेल्या एका गोदामात १९८८ साली जलमार्गांचे संग्रहालय उघडले; इतर गोदामांत कचेऱ्या, बिऱ्हाडे व उपाहारगृहे आली. जेथे गव्हाची पोती उतरत, तेथे आता हौशी प्रवाशांच्या नावा बांधलेल्या असतात.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात कालवा नाही व गोदीही नाही. जाम पावसाळ्यात भरते व उन्हाळ्यात रोडावते. तिच्यावर नाव चालविण्याचा बेत कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. बाहेरगावचे लोक तिच्या काठी जमतात ते मुख्यतः पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीसाठी. आणि त्या दिवशी माणसे रक्तबंबाळ होऊन घरी जातात. नदीची एवढीच ओळख राहावी, हे आम्हांस भूषणावह वाटत नाही.

परंतु जामची गोष्ट सौंसरपाशी संपत नाही. ती कन्हानला मिळते, आणि कन्हान नागपूर जिल्ह्यातून वाहत जाऊन अंभोऱ्यास वैनगंगेला भेटते. तेथे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा व कोलारी अशा पाच नद्यांचा संगम मानतात. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, ‘विवेकसिंधु’ तेथेच रचला, अशी त्या भागाची परंपरा सांगते. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्या धरणाच्या फुगवट्याने अंभोऱ्यापाशी विस्तीर्ण जलाशय झाला आहे. २०२४ साली तेथे नागपूर व भंडारा जिल्ह्यांना जोडणारा तारांच्या आधाराचा भव्य पूल खुला झाला असून, त्याच्या उंच सज्जातून लोक संगम पाहतात. याच जलाशयावर महाराष्ट्र शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे.

व्यापाऱ्याने जमेची बाजू पाहताना नावेची बाजूही पाहावी. या जलाशयाखाली पुष्कळांची घरे व शेते गेली. ज्या ढीवर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या वैनगंगेत डोंगे चालविले, त्यांना नव्या नावांवर काम व उत्पन्नात वाटा मिळाला, तरच हा सौदा सचोटीचा ठरेल. दुसरी बाब पाण्याची. नागपूरचे सांडपाणी नागनदीतून कन्हानला व कन्हानमधून गोसीखुर्दला जाते, हे सर्वश्रुत आहे. घाण पाण्यावर सुंदर नाव सोडणे म्हणजे सडक्या गव्हावर नवे बारदान चढविण्यासारखे होय. गिऱ्हाईक एकदा फसेल, पुन्हा येणार नाही.

येथे आमचा संबंध येतो. नागपूरकरांस दोष देणे सोपे आहे. पण आम्ही तर त्यांच्याही वरच्या अंगास राहतो. पेठेतील फाटके बारदान, प्लॅस्टिकच्या पिशव्या व भिजून कुजलेले धान्य नाल्यात पडले, की ते जाममध्ये जाते. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. आता नव्या कचेऱ्या, नवे रस्ते, नव्या वसाहती होतील. अशा वेळी गावे नदीकडे पाठ करून वाढतात, व एकदा पाठ केली की ती फिरविणे फार महागात पडते.

आमच्या मते तीन गोष्टी हाती घेण्याजोग्या आहेत. पेठेतील प्रत्येक गोदामाने आपला कचरा नाल्यापासून दूर ठेवावा. पावसाळ्यापूर्वी नाल्याची सफाई पालिकेबरोबर व्यापाऱ्यांनीही उभे राहून करवून घ्यावी. आणि जामच्या काठी, पूररेषेबाहेर, झाडांची सावली व बसावयास स्वच्छ जागा करावी; नाव नसली तरी मुलाबाळांनी संध्याकाळी नदीवर जावे, एवढे पर्यटन आमच्या गावास पुरे आहे.

ज्यांच्या घरी पाणी गाळून पिण्याची शिस्त लहानपणापासून शिकवितात, त्यांना पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. फडके घागरीच्या तोंडावर बांधतो, तसेच मन नाल्याच्या तोंडावर ठेवावे. अंभोऱ्यास नावेत बसणाऱ्या कुटुंबास आमचे नाव कधी कळणार नाही. न कळो, पाणी निर्मळ पोहोचले म्हणजे झाले.