पक्का रंग, पक्का रोजा

मगरिबची अजान होते आणि रेवदंड्यात खजुराने रोजा सुटतो. खजूर काही कोकणचे पीक नव्हे. शतकानुशतके ते आखातातून गलबतांनी या किनाऱ्यावर आले आणि परतीच्या फेरीला गलबतांत इथले कापड भरले गेले.

रेवदंड्याला लागूनच असलेले चौल हे त्या व्यापाराचे जुने बंदर. अरब त्याला सैमूर म्हणत. इ.स. 916च्या सुमारास अल-मसूदी येथे आला, तेव्हा सुमारे 10,000 मुसलमान इथे राहत असल्याचे त्याने लिहिले. त्यांत ओमान, बसरा, बगदादकडून आलेले होते, तसे इथेच जन्मलेलेही. राज्य हिंदू राजाचे. पण मुसलमानांचा कारभार पाहायला त्यांच्यातलाच एक ‘हुनरमन’ नेमलेला असे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगिजाने चौलच्या व्यापाराचे वर्णन केले. घाटावरून बैलांच्या तांड्यांनी कापड उतरे. एकेक माणूस वीस-तीस बैल हाकी. त्याने एक लबाडीही टिपली आहे. काही लोक कोरे कापड थोडे दिवस स्वतःच नेसत, मग शुभ्र धुऊन, खळ देऊन परदेशी विकायला काढत. त्यामुळे गठ्ठ्यात मधूनच फाटका कपडा निघे!

रंगाऱ्याला मात्र अशी लपवाछपवी पचत नसे. सुताला लाल रंग आपोआप धरत नाही. आधी तुरटी पाजायची, मग मंजिष्ठेत किंवा आलात उकळायचे. निळीत तर कापड पुन्हा पुन्हा बुडवून वाऱ्यावर धरावे लागते. ही मेहनत चुकवली की पहिल्याच धुण्यात चोरी उघड. गुजरातेत छापलेल्या अशा सुती कापडाचे तुकडे इजिप्तमध्ये जुन्या कैरोच्या कोरड्या मातीत सापडले. शेकडो वर्षांनंतरही त्यांवरची निळाई आणि लाली ओळखू येते.

पुढे मुंबई वाढली, चौलचे विणकर तिकडे गेले, बंदर ओस पडले. ईदच्या खरेदीत मात्र ओल्या बोटाने कापड चोळून रंग पाहणारी एखादी आजी अजून भेटते.

समुद्रापारचा गिऱ्हाईक गठ्ठा बांधताना समोर नसतो. दुपारी घरात एकटे असताना पाण्याच्या माठाजवळ रोजेदारालाही कोणी पाहत नसते. त्या वेळी माणूस जसा वागतो, तोच त्याचा पक्का रंग.