मुलांची ऑनलाइन सुरक्षितता: काय शिकवावे, कसे शिकवावे

ऑनलाइन सुरक्षिततेचा पहिला धडा खासगी माहिती ओळखण्याचा असतो. पत्ता, फोन नंबर, आधार क्रमांक कुणाला द्यायचे नाहीत हे बहुतेक मुलांना ठाऊक असते. गणवेशावरचे शाळेचे बोधचिन्ह, फोटोत मागे दिसणारी सोसायटीची पाटी, क्लास सुटण्याची वेळ, रोज संध्याकाळी एकाच मैदानावर काढलेली रील यांतूनही ठावठिकाणा कळतो, हे मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. यातला एकेक तपशील किरकोळ वाटतो. चार तपशील जुळवले की अनोळखी माणसाला मुलाची दिनचर्या समजते. लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये वेळेसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवतो. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की ही नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती राहू शकते. कॅमेऱ्याची ही परवानगी कशी बंद करायची, ते वर्गात पाच मिनिटांत करून दाखवता येते.

काही माहिती मुले न सांगताही देत असतात. कोणता व्हिडिओ किती वेळ पाहिला, कशावर बोट थांबले, रात्री किती वाजेपर्यंत फोन चालू होता, याची नोंद ॲप ठेवू शकते आणि पुढे काय दाखवायचे ते त्यावरून ठरवते. टॉर्चच्या ॲपला फोनमधली नावे-नंबर कशाला हवेत, हा प्रश्न विचारायची सवय लागली की परवानग्यांचा विषय मुलांना आपोआप कळतो.

बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची अट असते. तिचे मूळ अमेरिकेच्या १९९८ सालच्या कायद्यात आहे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती घेणे त्या कायद्याने बंधनकारक केले. म्हणजे ही अट माहिती गोळा करण्याच्या नियमातून आली. तेराव्या वर्षी मूल या माध्यमांसाठी तयार होते, असा तिचा अर्थ नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. बालकाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. त्याच्या वागण्यावर पाळत ठेवणे आणि त्याला हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. मुलांबाबतच्या या तरतुदी मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

कायद्याच्या आधी मुलांची गाठ पडते ती फसवणुकीशी. गेममध्ये फुकट डायमंड देण्याच्या आमिषाने ओटीपी मागितला जातो आणि खाते हातचे जाते. ‘पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन कर’ असे सांगून खात्यातून पैसे काढले जातात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, एवढे पक्के माहीत असले तरी ही फसवणूक टळते.

सर्वांत गंभीर प्रकार फोटोंवरून धमकावण्याचा. त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. गेमच्या चॅटमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर ओळख होते, कौतुक होते, मग बोलणे दुसऱ्या ॲपवर नेले जाते. ‘आपल्यातच ठेव’ असे बजावून फोटो मागितला जातो आणि तो हाती पडला की पैशांची किंवा आणखी फोटोंची मागणी सुरू होते. आता एआयच्या मदतीने साध्या फोटोवरूनही बनावट अश्लील चित्र तयार करता येते. त्यामुळे काहीही न पाठवलेले मूलही यात अडकू शकते. धमकावणाऱ्याचा सगळा भरवसा मुलाच्या एकाच भीतीवर असतो: घरी कळले तर? चूक झाली की फोन काढून घेण्याची तंबी ज्या घरात सतत मिळते, तिथे ही भीती दुप्पट होते आणि मूल गप्प बसते. म्हणून ‘काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, ओरडणार नाही’ हे वाक्य मुलाने घरात आधीच ऐकलेले असावे लागते आणि वेळ आल्यावर ते पाळावेही लागते.

असा प्रसंग आल्यास पैसे देऊ नयेत, कारण दिल्याने मागणी थांबेलच असे नसते. घाबरून चॅट पुसू नये; धमकीच्या संदेशांचे स्क्रीनशॉट, खात्याचे नाव आणि नंबर जपून ठेवावेत, मग खाते रिपोर्ट करून ब्लॉक करावे. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा; वेळेत कळल्यास रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येतात. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो फोनमध्येच राहतो आणि त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसा तेवढा पुढे जातो. सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडची तशीच प्रत शोधून काढून टाकू शकतात.

मोठ्या मुलांना याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अल्पवयीन मुलांची अश्लील चित्रे बनवणे, जमवणे किंवा पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्गाच्या ग्रुपवर गंमत म्हणून केलेला फॉरवर्डही यातून सुटत नाही.

शिकवण्याची पद्धत वयाप्रमाणे बदलते. प्राथमिक शाळेतल्या मुलाने फोन घरातल्यांसमोर, हॉलमध्ये बसून वापरावा आणि काही विचित्र दिसले तर लगेच दाखवावे, एवढे पुरते. पाचवी ते आठवीत खाते प्रायव्हेट ठेवणे, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करणे, चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड बनवणे या गोष्टी मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्याव्यात. नववीपासून कायदा, संमती आणि बनावट चित्रे यांवर मोकळी चर्चा हवी. या वयात चोरून पाळत ठेवणारे ॲप घालण्यापेक्षा फोनचे नियम मुलांसोबत बसून ठरवणे फायद्याचे असते. पाळत उघडकीला आली की मूल दुसरे खाते काढते आणि सांगणेही बंद करते.

मोठ्यांचे वागणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे. बाळाच्या अंघोळीचे फोटो, निकालाची गुणपत्रिका, शाळेच्या नावासह वाढदिवसाची पोस्ट हे सारे बहुधा पालकच टाकतात, तेही मुलाला न विचारता. फोटो टाकण्यापूर्वी ‘चालेल का?’ असे विचारले आणि नकार आला तर तो मानला, की संमती म्हणजे काय हे मूल घरातच शिकते. पुढे कुणी फोटो मागितला, तर नाही म्हणणे त्याला सोपे जाते.