दाराबाहेरचा प्रेक्षक

चित्रपट पुरस्कारांचा इतिहास लिहिणारे आत काय घडलं ते लिहितात. बाहुली कुणाला मिळाली, कुणाचं भाषण लांबलं, कुणाचा पोशाख गाजला. दाराबाहेर ताटकळलेल्या माणसांची नोंद सहसा होत नाही. जुने अंक आणि छायाचित्रं चाळताना गेली काही वर्षं मी याच माणसांचा माग काढतो आहे. ‘वेडे चाहते’ म्हणून त्यांना निकालात काढणं सोपं आहे. पण त्यांची उभं राहण्याची जागा कशी बदलत गेली हे पाहिलं की सोहळ्याचीही वेगळी ओळख पटते.

पहिला ऑस्कर सोहळा 16 मे 1929 रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. पावणेतीनशेच्या आसपास पाहुणे आणि सुमारे पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेले. म्हणजे ती मंडळाची एक मेजवानीच होती. तारे पाहायला रस्त्यावर लोटणारी गर्दी तोवर चित्रपटांच्या पहिल्या खेळांना सरावलेली होती. ‘इजिप्शियन’ थिएटरात 1922 साली ‘रॉबिन हूड’चा असा खेळ झाला होता. पुढे 1944 मध्ये ऑस्कर मेजवानीतून थिएटरात आला आणि 1953 मध्ये दूरचित्रवाणीवर दिसू लागला. मग दारापर्यंतची वाट हाही कार्यक्रमाचा भाग झाला. त्या वाटेच्या कडेला प्रेक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बाकं मांडली जाऊ लागली.

या बाकांचा नियम साधा होता: जो आधी येईल त्याला जागा. लोक पथाऱ्या घेऊन यायचे, सोहळ्याआधी कित्येक दिवस फुटपाथवर मुक्काम ठोकायचे. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यापाशी पैसा नाही आणि ओळखही नाही, त्याच्यापाशी निदान वेळ असतो. दर्शनबारीपासून रेशनच्या दुकानापर्यंत आपल्याकडे रांगेला जो मान आहे, तो यामुळेच. रांगेत वेळ हेच चलन असतं.

सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर हे चलन रद्द झालं. मार्च 2002मध्ये सोहळा नव्या कोडॅक थिएटरात भरला, तेव्हा बाकांवर बसू इच्छिणाऱ्यांची आधी चौकशी झाली. पुढे अर्ज, सोडत आणि पडताळणी हीच रीत रुळली. सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं. पण त्यामुळे बाकांवरचा माणूस बदलला. तो आता निवडलेला पाहुणा आहे. कॅमेऱ्यासाठी जल्लोष करणं हेही त्याचं कामच झालं आहे. कोरोनाच्या काळात, 2021 साली, सोहळा युनियन स्टेशनात झाला तेव्हा तर ही बाकंही नव्हती. सोहळा पार पडलाच.

मुंबईत हाच प्रवास वेगळ्या वाटेने झाला. पहिले फिल्मफेअर पुरस्कार 21 मार्च 1954 रोजी धोबी तलावच्या मेट्रो सिनेमात दिले गेले. पुरस्कार अवघे पाच. मेट्रो चौकातच आहे, दार रस्त्यावर उघडतं. मोटारीतून उतरणारी नटी आणि गाडी पकडायला निघालेला कारकून यांच्यात फुटपाथाएवढंच अंतर. 2022 आणि 2023 साली हेच पुरस्कार वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झाले, 2020 साली गुवाहाटीत, 2024 साली गांधीनगरला. ‘आयफा’ तर 2000 साली थेट लंडनमध्येच सुरू झाला. संकुलात गाडी आवारात शिरते, पाहुणा आतच उतरतो. प्रेक्षकाला हाकलावं लागत नाही. त्याला उभं राहायला फुटपाथच उरत नाही.

उपनगरातल्या अशाच एका सोहळ्याबाहेर मी वही घेऊन चार तास उभा होतो. बहुतेक गाड्यांची काळी काचच दिसली. शेजारी नालासोपाऱ्याहून आलेल्या मायलेकी होत्या. मुलगी मला समजावत होती, “काका, पुढे बॉडीगार्ड बसलाय ना, म्हणजे मागे कुणीतरी मोठं आहे.” कुठली गाडी कुणाची, हे तिला नंबरवरून ठाऊक होतं. माहिती हातोहात पुढे जात होती, उंच माणसं मुलांना खांद्यावर घेत होती. ही गर्दी अडाणी नसते. तिचं एक शास्त्र असतं.

या गर्दीला मर्यादाही आहेत. ती ओळखीचा चेहरा शोधते. 1983 साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथैय्या समोरून गेल्या असत्या, तर बाकांवरच्या किती जणांनी त्यांना ओळखलं असतं? पण पडद्यामागच्या माणसाचा चेहरा लोकांना दिसण्याची जी थोडी ठिकाणं आहेत, त्यांत ही वाटही आहे.

आज मुंबईतली रांग बंगल्यांच्या फाटकाशी सरकली आहे. जुहूला ‘जलसा’बाहेर रविवारी अमिताभ बच्चन यांना पाहायला गर्दी जमत आली आहे, ती याच जुन्या नियमाने: लवकर या, थांबा. तो नियम घराच्या दाराशी टिकतो आणि सोहळ्याच्या दाराशी टिकत नाही, हे मला विसंगत वाटतं. तिकीट काढून सिनेमा चालवणारी हीच माणसं आहेत. आयोजकांनी प्रवेशद्वाराशी शंभर माणसांपुरता एक कठडा आखावा, झडती घ्यावी, पिण्याचं पाणी ठेवावं आणि आधी येईल त्याला उभं राहू द्यावं. कोट्यवधींच्या सोहळ्यात याचा खर्च जाणवणारही नाही.