टाको कुणाच्या हातचा?

'टाको' हा शब्द आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. २०१० साली टाको बेल या अमेरिकन कंपनीनं बंगळूरला आपलं भारतातलं पहिलं दुकान थाटलं, आणि मग हळूहळू हा पदार्थ मुलांच्या वाढदिवसाच्या यादीत पावभाजीच्या शेजारी येऊन बसला. मी अर्धा दिवस शाळेत शिकवते. वर्गात एकदा सहज विचारलं, टाको मूळचा कुठला? एका सुरात उत्तर आलं, "टाको बेलचा!"

मुलांचं काय चुकलं म्हणा! ज्याची पाटी मोठी त्याचा पदार्थ, असाच हिशेब जगभर चालतो. पण या पाटीमागे एक लहानशी खानावळ आहे आणि तिची गोष्ट तुम्हां-आम्हांला जवळची वाटावी अशी आहे. रोज दोन वेळ तव्यासमोर उभं राहणाऱ्या बाईला तर नक्कीच.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो नावाचं गाव आहे. गावाच्या पश्चिम अंगाला सांता फे रेल्वेचं मोठं यार्ड आणि कारखाना होता. तिथं राबणाऱ्या मेक्सिकन कामगारांची वस्ती त्याच भागात. या वस्तीत, माउंट व्हर्नन नावाच्या रस्त्यावर, १९३७ साली ल्युसिया रॉड्रिग्ज या बाईंनी खानावळ उघडली. नाव ठेवलं 'मित्ला कॅफे'. मित्ला हे मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातलं गाव, सापोतेक लोकांच्या प्राचीन अवशेषांसाठी नावाजलेलं. अमेरिकन उच्चारात 'त'चा 'ट' होतो आणि आपल्या कानांना ते 'मिटला' असं ऐकू येतं. नाव असं, पण धंदा मात्र मिटला नाही! ऐंशीहून अधिक वर्षं झाली, त्याच घराण्याच्या हातात ही खानावळ चालू आहे.

१९३७ हे साल काही सुखाचं नव्हतं, बरं का. मंदीचे दिवस. 'आमच्या नोकऱ्या हे लोक खातात' म्हणून त्याच दशकात लाखो मेक्सिकन माणसांना अमेरिकेतून परत धाडलं गेलं. त्यांत तिथंच जन्मलेले, कायद्यानं अमेरिकन असलेले लोकही होते. अशा वेळी मेक्सिकन जेवणाची पाटी लावून भर रस्त्यावर बसणं, याला छाती लागते.

मित्लाचं नाव झालं ते कुरकुरीत टाकोमुळे. स्पॅनिशमध्ये त्याला 'टाको दोरादो' म्हणतात, म्हणजे सोनेरी टाको. मक्याची पातळ पोळी, म्हणजे तोर्तिया, हातानं दुमडून तेलात तळायची. आत खिमा (तिकडे तो गाईच्या मांसाचा), वर बारीक चिरलेला कोशिंबिरीचा पाला, टोमॅटो आणि किसलेलं पिवळं चेडर चीज. हे चीज आणि हा पाला जुन्या मेक्सिकन स्वयंपाकातला नव्हे. नव्या मुलुखात कोपऱ्यावरच्या दुकानात जे मिळालं त्यातून बायकांनी आपली चव जुळवून घेतली. म्हणून काही चोखंदळ मंडळी 'हा खरा मेक्सिकन टाकोच नव्हे' असं नाक मुरडतात. मला हे पटत नाही. परगावी बदली झाली की मिळेल त्या पिठाची भाकरी आपण थापतोच की, ती काय परकी होते?

आता गोष्टीतले दुसरे गृहस्थ. ग्लेन बेल. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, परत आले आणि १९४८ साली याच सॅन बर्नार्डिनोत त्यांनी हॉट डॉगची टपरी काढली. त्याच वर्षी, त्याच गावात, मॅकडोनाल्ड बंधूंनी आपल्या हॉटेलची घडी पार बदलली होती. पदार्थ मोजके, काम वाटून दिलेलं, आणि गिऱ्हाइकाला मिनिटभरात पुडा हातात. बेलसाहेबांनी ते पाहिलं आणि ताडलं की बर्गर विकणारे आता पुष्कळ होणार, वेगळं काहीतरी हवं. १९५० च्या सुमाराला त्यांची बर्गरची टपरी मित्लाच्या समोर, रस्त्यापलीकडे होती. समोरच्या खानावळीत टाकोसाठी गर्दी दिसत होती. ते तिथं जाऊन टाको खाऊ लागले, मग आपल्या टपरीत करून पाहू लागले, जमेना तशी चौकशी करू लागले. मित्लाच्या घरच्यांनी त्यांना आत बोलावून कसं करतात ते दाखवलं. गुस्ताव्हो आरेयानो या पत्रकारानं अमेरिकेतल्या मेक्सिकन जेवणावर 'टाको यूएसए' नावाचं पुस्तक २०१२ साली लिहिलं. त्यात त्यानं घरच्या मंडळींकडून ऐकलेली ही हकीकत नोंदवली आहे.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बेलसाहेबांनी तोर्तिया आधीच द्रोणासारख्या वळवून तळून ठेवल्या, म्हणजे गिऱ्हाईक आलं की भरायच्या आणि द्यायच्या. किंमत एकोणीस सेंट. टाको धडाधड खपू लागला. दोनतीन वेगवेगळ्या नावांनी दुकानं काढून झाल्यावर १९६२ साली डाऊनी गावी त्यांनी पहिलं 'टाको बेल' उघडलं. १९७८ साली त्यांनी कंपनी पेप्सिकोला विकली तेव्हा दुकानांची संख्या ८६८ होती! मित्ला तेव्हाही एकच होतं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. पोळ्या आधी तळून ठेवायची युक्तीही बेलसाहेबांची एकट्याची म्हणता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये हुवेन्सियो माल्दोनादो नावाचे मेक्सिकन हॉटेलमालक होते, त्यांनी टाको तळायच्या साधनाचं पेटंट १९५० मध्येच मिळवलं होतं. म्हणजे 'मेक्सिकन माणसाला हात होते पण डोकं चालवलं ते गोऱ्या माणसानं' असा जो समज सहज करून घेतला जातो, तोही खरा नाही.

मग बेलसाहेबांनी चोरी केली का? तसं मी म्हणणार नाही. पदार्थाच्या कृतीवर कुणाची मालकी नसते. आपली आई शेजारणीकडून लोणचं शिकली, शेजारीण तिच्या जावेकडून शिकली होती. मित्लाच्या लोकांनी राजीखुशीनं दाखवलं, आणि दाखवावंसं वाटलं यात मला त्यांचा मोठेपणा दिसतो. सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या सुनेनं पुढे कितीतरी वर्षं हे स्वयंपाकघर सांभाळलं. त्या बाईंनीही बेलसाहेबांविषयी मनात कडवटपणा ठेवला नाही. शिवाय शेकडो दुकानं एका घडीला बसवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे, ते श्रेय त्यांचंच.

पण श्रेयाची वाटणी एवढ्यावर थांबते का, हे मात्र तुम्ही मनाशी विचारून पाहा. तळणाऱ्या बाईनं रोज शंभर टाको वळले तर ते 'घरचं, आईच्या हातचं'. त्याच टाकोला साचा मिळाला, पुडा मिळाला की तो 'उद्योग', आणि त्याला जनक मिळतो. आपल्या घरातही असंच होतं ना? रोजचा स्वयंपाक कुणी मोजत नाही. रविवारी घरधन्यांनी ऑम्लेट केलं की चार जणांना फोन करून सांगितलं जातं! मला बेलसाहेबांच्या पैशाचं काही वाटत नाही. खटकतं ते हे की टाकोच्या दुकानांचा इतिहास सांगताना वर्षानुवर्षं समोरच्या खानावळीचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. नाव घ्यायला काही खर्च येत नाही.

आणि मित्ला म्हणजे नुसतं टाकोचं दुकान नव्हतं हो. वस्तीत चार माणसांनी एकत्र बसावं अशी ती जागा होती. मेक्सिकन लोकांच्या हक्कांसाठी धडपडणारी मंडळी इथं जमत, खात, वाद घालत. त्या काळी सॅन बर्नार्डिनोतल्या पेरिस हिल नावाच्या सार्वजनिक बागेतल्या पोहण्याच्या तलावात मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. कर सगळ्यांनी भरायचा, पाण्यात मात्र काहींनीच उतरायचं. त्यांची मुलं तिकडे युरोपात आणि पॅसिफिकमध्ये अमेरिकेसाठी लढत होती, हे विशेष! शेवटी इग्नासिओ लोपेझ हे वृत्तपत्राचे संपादक, एक धर्मगुरू आणि आणखी काही जण कोर्टात गेले. १९४४ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि तलाव सर्वांना खुला करावा लागला. याच खटल्यातले वकील डेव्हिड मार्कस यांनी पुढे मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवण्याविरुद्धचा मेंडेझ खटला जिंकला. अपिलातही तो निकाल १९४७ साली कायम राहिला.

पुढच्या काळात गाव उतरणीला लागलं. मोठा हमरस्ता बाजूनं गेला, त्यामुळे माउंट व्हर्ननवरची येणारी-जाणारी गिऱ्हाइकं तुटली. जवळच्या फोंटाना गावचा पोलादाचा कारखाना १९८३ मध्ये बंद झाला, १९९४ मध्ये विमानदलाचा तळ गेला, रेल्वेचा कारखानाही उठला. २०१२ साली तर नगरपालिकेनं दिवाळखोरी जाहीर केली. एवढ्या पडझडीत खानावळ तगून राहते ती कशाच्या जोरावर? मला वाटतं, जिथं आजोबा जेवले तिथंच नातवाला घेऊन येणारं गिऱ्हाईक, आणि घरातलीच माणसं गल्ल्यावर आणि चुलीपाशी, एवढ्याच दोन गोष्टींवर. डाऊनीचं पहिलं टाको बेल कधीच बंद पडलं होतं. ती इमारत पाडली जाऊ नये म्हणून कंपनीनं २०१५ साली रातोरात ट्रकवर चढवून आपल्या मुख्य कचेरीत नेऊन ठेवली. मित्लाला अशी सोय लागली नाही, तिथं अजून कढई तापते.

हे वाचून तुम्हांला करून पाहावंसं वाटेल, म्हणून थोडं तोर्तियाविषयी. आपली मक्याची भाकरी कडेनं फाटते, दुमडली की मोडते. मग तोर्तिया कशी वळते? गोम आहे चुन्यात. हो, आपला विड्याला लावायचा चुना. मेक्सिकोत हजारो वर्षांपासून बायका वाळका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. त्यानं दाण्याचं साल सुटतं आणि दळलेलं पीठ चिकट होऊन एकजीव बसतं. तिथल्या पाट्याला 'मेताते' म्हणतात, तव्याला 'कोमाल'. गिरण्या येण्यापूर्वी नुसत्या वाटण्या-थापण्यात बाईच्या दिवसाचे पाचसहा तास जात. चुन्यानं आणखीही एक मोठं काम होतं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, आणि कॅल्शियमही मिळतं. युरोपीय लोकांनी मका आपल्या देशी नेला पण ही बायकांची रीत मागेच सोडली. पुढे इटलीत मक्यावर जगणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगानं ग्रासलं. चूल-पाट्याची विद्या कमी लेखली की काय होतं पाहा!

घरी करायचं तर एक किलो वाळका मका घ्या, लाह्यांचा किंवा गोड मका नको. त्याला साधारण दहा ग्रॅम खायचा चुना पाण्यात विरघळवून घाला. रंगकामाचा चुना चुकूनही वापरू नका. भांडं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमला चुना खातो. दाणे बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घालून अर्धा-पाऊण तास शिजवा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी दाणे हातानं चोळून सालं काढा आणि तीनचार पाण्यांनी स्वच्छ धुवा, इथं आळस नको. मिक्सरमधून थोडं थोडं, अगदी बेतानं पाणी घालून वाटा. एकदम घातलं तर मिक्सर तापतो. पातळ वाटलं गेलं तर मूठभर मक्याचं पीठ मिसळा. लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून पुरीएवढा करा आणि कडक तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून भाजा.

टाको तळायचे तर या पोळ्या तासभर आधी करून ठेवा. जरा सुकलेली पोळी तेल कमी पिते. आत खिमा किंवा मसालेदार राजमा घालून दुमडा, चिमट्यानं धरून दोन्ही अंगांनी सोनेरी होऊ द्या. पाला मिळाला नाही तर कोवळा कोबी चिरून घ्या. कोबी, टोमॅटो, चीज भरायचं ते मात्र मंडळी पाटावर बसल्यावर, आधी भरून ठेवलंत तर सगळा कुरकुरीतपणा जाईल.