'ओके' म्हणजे नक्की काय?

कानगोष्टींचा खेळ तुम्ही खेळला असालच. पहिल्याच्या कानात सांगितलेले 'आठ रुपयांचे दाणे' शेवटच्या गड्यापर्यंत 'साठ रुपयांचे पाहुणे' होऊन पोचतात आणि सगळे खो खो हसत सुटतात. पण दोस्तांनो, असाच घोटाळा विमानाच्या रेडिओवर झाला तर?

वैमानिकाला वाट सांगणारा नियंत्रक जमिनीवर, टॉवरमध्ये बसलेला असतो. दोघं बोलतात रेडिओवर. या रेडिओची एक खोड आहे, बरं का! एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं, की ऐकणाऱ्याला शब्दांऐवजी कर्कश शिट्टी ऐकू येते. ही शिट्टी ध्यानात ठेवा.

२७ मार्च १९७७, रविवार. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एका बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला. तो विमानतळ बंद झाला आणि तिकडे निघालेली विमानं शेजारच्या टेनेरीफ बेटावर वळवली गेली. तिथला लॉस रोडेओस विमानतळ छोटा. धावपट्टी एकच! तिच्या बाजूच्या वाटेवर विमानांची इतकी दाटी झाली, की निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच चालत पलीकडच्या टोकाला जावं लागलं. त्यात डोंगरावरचे ढग खाली उतरले. टॉवरमधून धावपट्टी दिसेना, आणि जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार तिथे नव्हतंच.

केएलएम या डच कंपनीचं जंबो टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं दुसरं जंबो धुक्यात बाहेर पडायची वाट शोधत येत होतं. डच कप्तानाला घाई होती, कारण कामाच्या तासांची मर्यादा संपत आली होती.

नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उडायची परवानगी मात्र अजून दिली नव्हती! सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, "वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ." विमान तर धावायलाही लागलं होतं. नियंत्रकाला वाटलं, हे उड्डाणाच्या जागी तयार उभे आहेत. तो म्हणाला, "ओके." क्षणभर थांबून त्याने पुढे सांगितलं, की थांबा, मी तुम्हाला बोलावतो. नेमक्या त्याच क्षणी घाबरलेले पॅन अ‍ॅमवाले ओरडले, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत!

दोघं एकदम बोलले. डच कॉकपिटमध्ये काय ऐकू आलं? स्पष्ट 'ओके', आणि त्यापुढे शिट्टी.

तरीही एक संधी उरली होती. 'धावपट्टी मोकळी झाली की सांगा,' असं नियंत्रकाने पॅन अ‍ॅमला म्हटलेलं डच विमानात ऐकू आलं. फ्लाइट इंजिनिअर चपापला. त्याने विचारलं, ते विमान बाजूला झालं नाही का? कप्तानाने ठामपणे सांगितलं, झालंय. कप्तान म्हणजे कंपनीत इतरांना जंबो शिकवणारा मोठा माणूस. त्याच्यापुढे पुन्हा कोण बोलणार? काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. वाचलेली ६१ माणसं, सगळी पॅन अ‍ॅमची.

यानंतर पुष्कळ काही बदललं. 'टेक-ऑफ' हा शब्द आता उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. नुसतं 'ओके' चालत नाही, महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची. आणि कॉकपिटमधल्या धाकट्यांनी थोरल्यांना बेधडक टोकायचं, याचं चक्क प्रशिक्षण दिलं जातं!

परत म्हणून दाखवलं तरी समोरच्याने कान देऊन ऐकायला हवं. १९८९ साली मलेशियात क्वालालंपूरला उतरणाऱ्या मालवाहू जंबोला नियंत्रकाने सांगितलं, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." त्याच्या मनात होते २४०० फूट. वैमानिकाला 'टू' हा आकडा वाटलाच नाही, 'पर्यंत' वाटला. ४०० फुटांपर्यंत उतरा! "ओके, फोर झिरो झिरो," तो म्हणाला. नियंत्रकाने ते पकडलं नाही. जमीन जवळ आल्याचं सांगणारं यंत्र कॉकपिटमध्ये ओरडत होतं, तिकडेही दुर्लक्ष झालं. विमान डोंगरावर आदळलं, चौघंही गेले.

आकड्यांसारखीच अक्षरंही फसवतात. रेडिओवर 'बी', 'डी', 'पी', 'टी' सारखीच वाटतात. आपण नाही का सांगत, 'श शहामृगातला, ष षटकोनातला'? तशीच वैमानिकांची बाराखडी आहे: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा... 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांची गल्लत होऊ नये म्हणून ते 'फाइफ' आणि 'नाइनर' म्हणतात. 'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे हं! 'तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं' एवढाच त्याचा अर्थ. 'हो' म्हणायचं तर 'अफर्म'.

भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाच्या अंगावर सुरुवातीला व्हीटी ही अक्षरं रंगवलेली असतात. पुढच्या वेळी विमानतळावर गेलात तर बघा, आणि वैमानिकांसारखं वाचा: व्हिक्टर टँगो!