बोट क्लबला पाणी कुठून आलं? पुण्यातलं रोइंग आणि हॉकी

सुरुवात एका रस्त्यापासून करतो. पुण्यात बोट क्लब रोड आहे, तो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. उंच झाडं, बंगले, आता टोलेजंग इमारती. पण बोट? या रस्त्यावर वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसालासुद्धा 'इथं बोट कुठे आहे हो?' असं विचारलं तर तो क्षणभर थांबतो. ज्या क्लबावरून नाव पडलं, तो रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. ड्यूक ऑफ कॅनॉट म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा. हे गृहस्थ १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या लष्कराचे सरसेनापती होते. क्लबाला त्यांचं नाव लागलं. सांगण्यासारखी गोष्ट मात्र नावाची नाही, पाण्याची आहे.

दख्खनच्या नद्या कशा आहेत ते आठवा. पावसाळ्यात तांबडं पाणी घेऊन धावतात आणि मार्च-एप्रिलला खडक उघडे पडतात. अशा नदीत वर्षाचे आठ महिने वल्हवणार कुठे? शर्यतीची नाव म्हणजे काही कोळ्यांची होडी नव्हे. एका माणसाची स्कल साधारण आठ मीटर लांब असते. रुंदी इतकी कमी की माणूस जेमतेम मावतो आणि वजन कमीत कमी चौदा किलो. म्हणजे एकटा माणूस खांद्यावर टाकून नेऊ शकतो. वल्हवणारा पाठ पुढे करून बसतो, जिथे जायचं ती दिशा त्याला दिसत नाही. बैठक चाकांवर मागे-पुढे सरकते, त्यामुळे जोर हातांपेक्षा पायांचा जास्त लागतो. अशी नाव खळाळत्या पाण्यात, दगडधोंड्यांत चालत नाही. तिला खोल आणि संथ पाणी पाहिजे.

ते पाणी पुण्याला मिळालं एका बंधाऱ्यामुळे. १८५० च्या सुमारास मुळा-मुठेवर आजच्या बंडगार्डनपाशी बंधारा झाला. 'बंड' म्हणजेच बांध. त्यासाठी मोठी देणगी दिली मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई यांनी. हेतू पाणीपुरवठ्याचा होता, खेळाचा नाही. खडकवासल्याचं धरण तेव्हा व्हायचं होतं. पण नदी अडवली की पाणी तुंबतं आणि हे तुंबलेलं पाणी बंधाऱ्यापासून वर, संगमाच्या दिशेनं पसरलं. डोंगराळ मुलखातल्या नदीला मधेच एक लांबट तळं मिळालं. त्यानंतर दोन दशकं व्हायच्या आत त्याच्या काठावर बोट क्लब निघाला. माझ्या मते पुण्यातल्या रोइंगचा खरा संस्थापक हा बंधाराच आहे. क्लब त्याच्यामागून आला.

हे पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. रोइंगला तुंबलेलं पाणी लागतं. आणि तुंबलेलं पाणी ही दुधारी गोष्ट आहे.

आता सायबाच्या क्लबाकडून देशी पोरांकडे येऊ. संगमापाशी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आपलं सीओईपी. संस्थेची सुरुवात १८५४ ची. इंग्रज सरकारला रस्ते, पूल आणि कालवे बांधायला हाताखालची माणसं हवी होती, त्यासाठी ती निघाली. या कॉलेजचा बोट क्लब १९२८ सालचा. गंमत म्हणजे त्याच १९२८ साली अॅम्स्टरडॅमला भारतानं हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण साल लक्षात ठेवा, हॉकीकडे आपल्याला वळायचंच आहे.

सीओईपीच्या बोट क्लबाची ओळख म्हणजे रेगाटा. रेगाटा म्हणजे खरं तर नौकांच्या शर्यती. पण तुमच्यापैकी ज्यांनी हा रेगाटा पाहिलाय त्यांना शर्यती आठवतात का? बहुतेकांना आठवतं ते अॅरो फॉर्मेशन, पंट फॉर्मेशन, कयाक बॅले आणि अंधार पडल्यावर पेटत्या मशाली घेऊन होणारं मशाल नृत्य. शर्यतीपेक्षा प्रात्यक्षिकाला मान! असं का झालं असावं?

माझं उत्तर असं. आंतरराष्ट्रीय शर्यत दोन हजार मीटरची असते, सरळ रेषेत. शेजारी शेजारी सहा मार्ग, प्रत्येक साडेतेरा मीटर रुंद. सहा गुणिले साडेतेरा म्हणजे एक्क्याऐंशी मीटर झाले आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची ती वेगळी. संगमाजवळची नदी वळते, अरुंद होते, मधे पूल येतात. तिथे असा मार्ग आखता येत नाही. मग आहे त्या पाण्यात काय करता येईल? नेमकेपणा दाखवता येईल. नावा एकमेकींना हातभर अंतरावरून छेदून जातात, सपाट बुडाच्या पंटा बांबूनं रेटत एका आकृतीत आणून बसवतात. हे इंजिनिअरिंगच्या मुलांनी करावं यात नवल नाही, कारण यात ताकदीइतकंच मोजमाप आहे. पाणी आखूड पडलं म्हणून या क्लबाला स्वतःची वेगळी कला सापडली, असं मी म्हणेन. कुणाला पटणार नाही, पण सरळ लांब पाणी असतं तर कदाचित इथेही नुसत्या शर्यतीच झाल्या असत्या.

आता मुळेच्या कडेकडेनं वर चला, खडकीला. १८१७ च्या लढाईनंतर इथे छावणी वसली. छावणीबरोबर दोन गोष्टी आल्या, मैदानं आणि कारखाने. इथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, त्यांचं केंद्रही खडकीतच. आणि याच खडकीत आपले दोन्ही खेळ एकाच वस्तीत सापडतात.

हॉकी छावणीतून बाहेर आली हे आपल्या देशात जवळजवळ सगळीकडेच खरं आहे. पलटणींच्या मैदानांवर गोरे शिपाई खेळले, मग देशी शिपाई. कलकत्त्यातली बायटन कप १८९५ ची, मुंबईतली आगाखान स्पर्धा १८९६ ची. स्वतः ध्यानचंद फौजेतच घडले. खेळ पसरला त्याचं एक कारण साधं आहे, तो स्वस्त होता. नाव विकत घ्यायला श्रीमंत क्लब लागतो किंवा सरकार लागतं. हॉकीला एक काठी आणि एक चेंडू पुरतो. काठी मोडली तर दोरी गुंडाळून पुन्हा खेळता येतं.

धनराज पिल्ले यांची गोष्ट इथलीच आहे. १९६८ चा जन्म, खडकीचा. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. कारखान्याच्या कामगार वसाहतीत मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन, मातीच्या मैदानावर, हा मुलगा मोहम्मद शाहिद यांच्यासारखं खेळायचा प्रयत्न करायचा. पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ ला बँकॉकला आशियाई सुवर्ण मिळालं तेव्हा कर्णधार तोच होता. ज्या मैदानाची निगा बाप राखतो, त्याच मैदानावर मुलगा घडतो. हे मैदान सरकारी कारखान्याचं होतं, कामगारांच्या पोरांना उघडं होतं. धनराजची जिद्द सगळे सांगतात, पण त्या उघड्या मैदानाचं श्रेय फारसं कुणी देत नाही, म्हणून मी मुद्दाम देतोय.

पण तोपर्यंत हॉकीचं मैदानच बदललं होतं. १९७६ ला माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली. भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. गवतावर चेंडू उसळायचा, अडखळायचा, तिथे मनगटाचं कसब कामाला यायचं. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात जातो, तिथे धाव आणि दमसास जिंकतो. मुळात मुद्दा पैशाचा झाला. मातीचं मैदान कुठेही होतं. टर्फ घालायला कोट्यवधी रुपये लागतात आणि काही वर्षांनी ते बदलावं लागतं. पुण्याच्या बाजूला बघा. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं स्टेडियम आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलातही टर्फ आहे. म्हणजे वस्तीतून घरची काठी घेऊन चालत जायचा खेळ आता बस पकडून जायचा खेळ झाला. आणि आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. या टर्फवर खेळण्याआधी पाणी मारावं लागतं, हजारो लिटर. चेंडू नीट सरकावा आणि पडल्यावर कातडी सोलवटू नये म्हणून. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ आता कमी पाण्याच्या, पुढे कोरड्या टर्फकडे जायच्या प्रयत्नात आहे. तेव्हा हा खेळही शेवटी पाण्यापाशीच आला.

रोइंगमध्ये उलटं झालं. खेळ सायबाचा, महागाचा, पण त्यात गरीब घरची मुलं आली ती फौजेमुळे. सॅपर म्हणजे पूल बांधणारा सैनिक. नदीवर तरंगता पूल टाकायचा तर नावा हाताळता आल्याच पाहिजेत, त्यामुळे पाणी हे त्यांच्या कामाचाच भाग. दापोडीला मुळा-पवना संगमाजवळ लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सीएमई. तिथे शर्यतीच्या लांबीचा सरळ कालवा आहे आणि लष्कराचं रोइंग केंद्रही तिथेच आहे. नदीनं जे दिलं नाही ते माणसांनी खोदून घेतलं.

दत्तू भोकनळ हा मुलगा नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी भाग. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम केलेलं. २०१२ ला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, तिथे वल्हं हातात आलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची. आणि चार वर्षांत, २०१६ ला, रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. त्या ऑलिंपिकला रोइंगमध्ये भारताचा तो एकटाच होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण मिळालं, त्या चौघांत दत्तू होता. ज्या गावात पाणी शोधायला जमीन खणावी लागते तिथला मुलगा पाण्यावर सात मिनिटं जीव तोडून झगडतो, यावर मी वेगळं काही बोलायची गरज नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. मघाशी म्हणालो, तुंबलेलं पाणी दुधारी असतं. बंधाऱ्यानं पाणी थांबलं तेव्हा शहर लहान होतं. मग शहर वाढलं आणि त्याचं सांडपाणी नदीत येऊ लागलं. थांबलेल्या पाण्यात गाळ बसतो, मैला साचतो. मैल्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतात, म्हणजे पिकाला घालतो तेच खत. खत, ऊन आणि संथ पाणी एकत्र आलं की जलपर्णी माजते. अनुकूल परिस्थितीत ती दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. वाहत्या नदीत ती टिकत नाही, वाहून जाते. म्हणजे रोइंगला जे हवं, तेच जलपर्णीला हवं! नावेच्या बुडाला एक छोटा पंख असतो, वेल त्यात अडकते. वल्ह्याचं पातं हिरव्या गालिच्यात घुसतच नाही. आणि ज्या पाण्यात मुलं पडतात-उठतात त्या पाण्याचा वास तर तुम्ही पुलावरून जाताना काच वर करून टाळता.

नदी सुधारायला जपानच्या जायका संस्थेच्या मदतीनं अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना मंजूर झाली, जवळपास ९९० कोटींची. त्याशिवाय सुमारे ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुशोभीकरणाचा प्रकल्प आहे, त्यावर शहरात बराच वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर काठ नंतर, पाणी आधी. मैला बाहेर ठेवला नाही तर काठावरच्या फरशीचा वल्हवणाऱ्याला काहीही उपयोग नाही.

इथे एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे, वाचतो. 'मग बंधारा काढून नदी मोकळी का करू नये?' चांगला प्रश्न आहे. नदीच्या अभ्यासकांपैकी अनेकांना नदी वाहती हवी असते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. माशांना, पाण्यातल्या प्राणवायूला, गाळ वाहून जायला प्रवाह हवाच. पण उन्हाळ्यात वरची धरणं पाणी सोडत नाहीत. अशा वेळी बंधारा काढला तर उरेल ती फक्त सांडपाण्याची धार. तेव्हा आधी वरून थोडं तरी स्वच्छ पाणी आणि कडेनं येणारा मैला बंद, मग बंधाऱ्याचा विचार. आणि तो करताना वल्हवणाऱ्यांना त्या बैठकीत बोलवा. रोज सकाळी पाण्याच्या पातळीवर डोळे ठेवून बसणारे या शहरात तेच आहेत. पाणी किती चढलं, फेस कुठल्या नाल्यातून आला, जलपर्णी कुठून सरकली हे कुठल्याही अहवालाच्या आधी त्यांना कळतं.

दुसरी चिठ्ठी, मुलांना हे खेळ सुरू करायला कुठे न्यावं? हॉकीसाठी नेहरूनगरला किंवा बालेवाडीला जा आणि संध्याकाळच्या सरावाच्या वेळी प्रशिक्षकांना भेटा. रोइंगसाठी आधी मुलाला पोहायला शिकवा. नीट, खोल पाण्यात. मग पुढचं.