जुन्या फियाटचं हेड बसवताना मधला बोल्ट आधी का आवळतात?

पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. कोपऱ्यात कव्हर टाकलेली, टायर बसलेले, बॉनेटवर मांजर झोपलेलं, अशी एखादी फियाट सापडतेच. गाडी आजोबांची असते. चालत नाही, पण विकायचीही नसते.

मग एका रविवारी घरातल्या कोणाला तरी हुक्की येते, की ही चालू करूया. गॅरेजवाले काका येतात, बॉनेट उघडतात, ऑइलची डिपस्टिक बाहेर काढतात आणि तोंड वाकडं करतात. ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं असतं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलंय. हेड पॅकिंग गेलं. हेड उघडावं लागणार.

उघडणं तसं सोपं. खरी परीक्षा ते परत बसवताना असते. कारण इथे चूक झाली तर पॅकिंग परत उडेल एवढ्यावर भागत नाही, पन्नास-साठ वर्षांचं मूळ इंजिनच हातचं जाऊ शकतं. आणि मूळ इंजिनाला आता कागदोपत्रीही किंमत आलीये.

त्याचं झालं असं, की जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. त्यामुळे 'जाऊ दे, दुसरं इंजिन टाकू' हा जुना गॅरेजी तोडगा इथे महागात पडतो.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त करून फियाटवाल्यांना पडतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ च्या सुमाराला तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. म्हणजे पहिल्या पद्मिनींनीही आता पन्नाशी गाठली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. खाली बीडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड.

आता मुद्द्यावर येऊ. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. कुकरचं झाकण आणि मध्ये रबरी रिंग असते ना, तसं ब्लॉक आणि हेडच्या मध्ये पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट असतं. फरक एवढाच, की कुकरमध्ये फक्त वाफ कोंडायची असते. इथे एकाच पातळ पॅकिंगला स्फोटाचा गॅस, थंड करणारं पाणी आणि ऑइल, तिघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं असतं.

आणि स्फोट किती मोठा? या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३६ चौरस सेंटिमीटर. जुन्या पेट्रोल इंजिनात पूर्ण जोरावर दर चौरस सेंटिमीटरला ३०-४० किलोचा दाब येतो असं धरलं, तर एका सिलिंडरमधला एक स्फोट हेडला हजार किलोंहून जास्त जोराने वर ढकलतो. अख्ख्या पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आसपास आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २५ वेळा होतं.

एवढ्या धक्क्यांपुढे हेड धरून ठेवतात ते हे बोल्ट (काही इंजिनांत ब्लॉकमध्ये रोवलेले स्टड आणि वर नट). ते हेड धरतात कसे, तर ताणले जाऊन. आवळलेला बोल्ट ही खरं तर एक कडक स्प्रिंग असते. १० मिलिमीटरचा चांगला पोलादी बोल्ट नीट आवळला की तो मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका लांबतो आणि मूळ लांबीला परत जायच्या धडपडीत हेडला अडीच टनांच्या आसपास जोराने खाली खेचत राहतो. कमी आवळला तर पकड कमी. जास्त आवळला तर तो कायमचा लांबतो, मग स्प्रिंगपण संपलं. त्याहून वाईट म्हणजे ब्लॉकमधले आटे उपटून येतात.

म्हणून 'हाताला कळतं हो' या वाक्यापासून सावध राहा. तीस वर्षं पाना फिरवलेल्या हाताला खरंच बरंच कळतं, त्याबद्दल आदरच आहे. पण हाताला कळतो तो पिळण्याचा जोर, बोल्टचा ताण नाही. टॉर्क पान्यावर लावलेल्या जोरातला जवळपास ९० टक्के भाग घर्षणातच जातो. अर्धा बोल्टच्या डोक्याखाली, बराचसा आट्यांमध्ये. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आटे गंजलेले असतील तर टॉर्क पाना 'टक्क' म्हणतो, आकडा बरोबर दिसतो आणि बोल्ट मात्र निम्माच ताणलेला असतो. दोन शेजारचे बोल्ट, एक साफ आणि एक गंजका, सारख्या आकड्यावर आवळले तरी पकड सारखी येत नाही.

त्यामुळे हेड बसवण्याचं निम्मं काम साफसफाईचं असतं. प्रत्येक भोकातून हलक्या हाताने टॅप फिरवून आटे साफ करायचे, हवा मारून कचरा बाहेर काढायचा. भोक खालून बंद असेल तर त्यात ऑइल किंवा पाणी साचलेलं नको. द्रव दबत नाही, बोल्ट खाली जाताना तो अडकतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बीडाचा तडा म्हणजे विषय संपला. बोल्टच्या आट्यांना मॅन्युअल सांगेल तसं, बहुतेकदा थेंबभर ऑइल. एखादा बोल्ट थेट पाण्याच्या वाटेत उतरत असेल, तर त्याला सीलंट. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ते कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं करून काढा. आणि हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेज घालून बघा. हेड वाकलं असेल तर आधी फेसिंग करून आणायचं.

आता शीर्षकातला प्रश्न. मोबाईलला स्क्रीन गार्ड लावताना तुम्ही बोट मधून कडेला फिरवता, बरोबर? कडा आधी चिकटवल्या तर मध्ये बुडबुडा राहतो. हेडचंही तसंच. टोकाचे बोल्ट आधी आवळले तर मधला भाग किंचित उचललेला राहतो, आणि नंतर मधला आवळला की त्याला पसरायला जागाच नसते. हेड तिथे कायमचं वाकतं. म्हणून मधल्यापासून सुरुवात, मग आळीपाळीने डावी-उजवीकडे, बाहेर बाहेर जात. तेही एका दमात नाही. आधी सगळे एक-तृतीयांश टॉर्कवर, मग दोन-तृतीयांश, मग पूर्ण. उघडताना बरोबर उलटं, टोकाकडून मध्ये. आणि इंजिन पूर्ण गार असताना. गरम अ‍ॅल्युमिनियमचं हेड उघडलं की ते वाकायला टपलेलंच असतं.

आकडा किती, हे मी इथे मुद्दाम देत नाही. तो तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नको. एकक बघायला विसरू नका. इटालियन गाड्यांची जुनी मॅन्युअल्स किलोग्रॅम-मीटरमध्ये बोलतात, इंग्रजी वंशाची अ‍ॅम्बेसेडर फूट-पाउंडमध्ये, आणि आजचा टॉर्क पाना न्यूटन-मीटरमध्ये. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण ७.२ फूट-पाउंड, म्हणजेच ९.८ न्यूटन-मीटर. गोंधळ झाला की एक तर बोल्ट लोंबकळतो, नाहीतर तुटतो.

बोल्टची खरेदी हाही पुण्यात एक विषय आहे. नाना पेठेत स्पेअर पार्ट्सची दुकानं आहेत, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. हेडलाइटची काच, हँडल तिथून खुशाल आणा. हेडचा बोल्ट मात्र वापरलेला आणू नका, तो आधीच कोणाच्या तरी इंजिनात ताणून झालेला असू शकतो. घरचे जुने बोल्ट परत वापरणार असाल तर शेजारी शेजारी उभे करा. एखादा उंच दिसला किंवा मध्येच बारीक झाला असेल तर तो बाद. ब्लॉकमधले आटे गेलेच, तर चांगला लेथवाला भोक मोठं करून हेलिकॉइल नावाची तारेची गुंडाळी बसवतो, आणि त्यात मूळ मापाचा बोल्ट पुन्हा बसतो. ब्लॉक वाचतो.

सगळं जोडून इंजिन गरम झालं, थंड झालं, की काम अजून एकदा. अ‍ॅल्युमिनियम बीडाच्या दुप्पट प्रसरण पावतं, नवं पॅकिंग दबतं, बोल्टचा ताण उतरतो. म्हणून जुन्या पद्धतीचं पॅकिंग असेल तर मॅन्युअलप्रमाणे, साधारण काहीशे किलोमीटरनंतर, बोल्ट त्याच क्रमाने परत टॉर्क करतात. आजच्या बऱ्याच गाड्यांचे बोल्ट एकदाच वापरायचे आणि अंशात मोजून फिरवायचे असतात, तिथे हा प्रकार नसतो. फियाटमध्ये हेड केसभर खाली बसलं की व्हॉल्व्हचा गॅपही बदलतो, कारण कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आहे. तेव्हा काकांना निघण्याआधी टॅपेट परत सेट करायला लावा.